कापायच्या टेबलावरची सही

९ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी मागून घ्यायचे नसतात. थेट मुद्द्यावर येते, कारण काल दुपारपासून माझा हात चालत नाही. एका गिऱ्हाइकाच्या जाकिटाची डावी बाही उजवीकडे लावून बसले, म्हणजे बघ.

माझ्या मागच्या खोलीत भाड्याने राहतात त्या नर्सबाईंना नदीपलीकडच्या राज्यातल्या कोर्टातून एक जाडजूड पाकीट आलं. त्या शीतगृहाच्या कंपनीने लोकांचे पैसे बुडवले हे तर थंडीतच कळलं होतं. आता ज्यांनी ज्यांनी कंपनीचे रोखे घेतले त्या सगळ्यांनी मिळून दावा लावला आहे, आणि नर्सबाई त्यांतल्या एक. त्यांनी चष्मा पुसत पुसत पहिलं पान वाचलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. प्रतिवादींची नावं होती. पहिला कंपनीचा मालक, दुसरा हिशेब-तपासनीस, तिसरा तू.

रोखे विकताना कंपनीने जे माहितीपत्रक वाटलं त्यात तुझा दाखला छापला होता ना? सातही गोदामं पाहिली, सातांतही थंड करायची यंत्रं बसवलेली आहेत आणि चालू आहेत, असा? दाव्यात लिहिलंय की शेवटच्या चार गोदामांत यंत्रं नव्हतीच. नुसत्या भिंती आणि वर पत्रा.

नर्सबाईंनी जन्मभर केलेल्या रात्रपाळ्या त्या रोख्यांत घातल्या आहेत. आणि घालण्याआधी मला विचारलं होतं. मी काय म्हणाले ते तुला ठाऊक आहे. "माझ्या भावाची सही आहे त्यावर, खुशाल झोपा." आता त्या झोपतात की नाही कोण जाणे. माझ्याशी बोलत मात्र नाहीत. चहाचा कप माझ्या दाराशी ठेवतात आणि पाठ फिरवतात. बरं, चहा ठेवायचं थांबवत नाहीत, तेच जास्त मनाला लागतं.

काय झालं ते लिहून कळव. फोन नको. फोनवर तू नुसतं हं हं करतोस आणि मी तेच खरं धरून बसते.

ताई


१७ फेब्रुवारी

ती. ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार, गुडघा कुरकुरतो तरीही.

तू उगाच जीव टांगणीला लावून घेतलास. मी एक वकीलबाई केल्या आहेत, हुशार आहेत, बोलतात कमी. यंत्रं होती, ताई. मी दाखला दिला तेव्हा होती. मालकाने मागाहून उचलून कुठे विकली असतील, तर त्याला मी काय करणार? मूल्यमापकाने त्या दिवशी डोळ्यांना दिसलं ते लिहायचं असतं. पुढे त्यावर पहारा द्यायचा नसतो.

तुला माझी रीत माहीत आहे. ज्या म्हाताऱ्या साहेबांच्या हाताखाली मी शिकलो, ते म्हणायचे, ज्या जागेची किंमत लिहितोस त्या जागेवर पाय रोवून उभं राहिल्याशिवाय सही करायची नाही. म्हणून माझ्या प्रत्येक दाखल्याखाली ओळ छापलेलीच असते: जागेवर पाहून, जागेवरच सही केली. ऑफिसातले हसायचे. चिखलात, उन्हात, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून मी सह्या केल्या. तीस वर्षांत त्या ओळीला कुणी बोट लावलं नाही.

एकच सांगायचं होतं. त्या आठवड्यात तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. कुणी विचारलंच, मी तुझ्याकडे होतो का, कधी आलो, कधी गेलो, तर तुझ्या डोळ्याला पट्टी होती आणि तुला नीटसं आठवत नाही, इतकंच म्हण. त्यात खोटंही काही नाही.

नर्सबाईंना माझा नमस्कार सांग. नको, राहू दे.

तुझा,
धाकटा


२३ फेब्रुवारी

धाकट्या,

डोळ्याला पट्टी होती. कानाला नव्हती.

आणि खोटं बोलायचं असलं की तू गुडघ्याचा विषय काढतोस. शाळेत असल्यापासूनची सवय आहे तुझी. पत्र उघडलं, पहिल्याच ओळीत गुडघा दिसला आणि पुढचं वाचण्याआधीच मला कळलं.

तू माझ्याकडेच होतास. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आलास आणि पट्टी निघेपर्यंत उंबरा ओलांडला नाहीस. थेंबांच्या बाटल्या खिडकीत ओळीने मांडल्यास, प्रत्येकीला चिठ्ठी चिकटवलीस, आणि घड्याळ समोर ठेवून बसलास. मी म्हणाले, अरे तुझी कामं असतील, तर म्हणालास, कामं कुठे पळून जातात. मग कंपनीचा ड्रायव्हर कागद घेऊन आला. मी पलंगावर होते. तुम्ही दोघं पुढच्या खोलीत माझ्या कापायच्या टेबलाशी. तो म्हणाला, "साहेब, उद्या छापायला द्यायचंय. पहिली तीन तर तुम्ही पाहिलीच आहेत, उरलेली त्याच साच्याची आहेत." मग शिक्का वाजला. मी आतून विचारलं, काय आपटलंस रे? तू म्हणालास, काही नाही, पडून राहा.

तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. आता कळतोय, आणि कळल्यापासून मी या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या घालतेय.

मी स्वस्थ बसणारी बाई नाही हे तुला माहीत आहे. नर्सबाईंचे कागद मागून घेतले (त्यांनी दिले, न बोलता) आणि वाचनालयात गेले. तिथल्या बाईंनी दोन्हीकडच्या कायद्यांची सोपी पुस्तकं काढून दिली. शाळा मी अर्ध्यावर सोडली, पण बोट ठेवून वाचता येतं. मला समजलं ते असं. लहानपणी आपण पाच पोरांनी चेंडूने शेजारच्या काकांची काच फोडली होती. तेव्हा आईने पाचही घरांत जाऊन ज्याच्या-त्याच्या आईकडून वाटा गोळा केला. ज्याने चेंडू मारला त्याचा जास्त, तू नुसता उभा होतास म्हणून तुझा कमी. नदीच्या अलीकडचा, म्हणजे आपला कायदा असा आहे. ज्याची जेवढी चूक, तेवढं त्याने भरायचं. पलीकडचा तसा नाही. तिथे ज्याचा कान हाताला लागेल त्याने अख्खी काच भरून द्यायची, मग बाकीच्यांच्या दारोदार फिरून आपले पैसे मागायचे. बाकीचे बिऱ्हाड हलवून निघून गेले असतील, तर ते त्याचं त्याने बघावं. काचवाल्या काकांची झोप त्यासाठी मोडायची नाही.

दावा पलीकडच्या कोर्टात आहे. पण कोर्ट तिकडचं म्हणून कायदाही तिकडचाच लागेल असं नसतं म्हणे. कुठला लावायचा, ते कोर्ट आधी ठरवतं. तर मला सांग. मालकाने दिवाळं काढलंय. हिशेब-तपासनिसाचं मला माहीत नाही. तुझं घर आहे, तेही स्वतःच्या नावावर, कर्ज फिटलेलं. तिघांत कान कुणाचा सापडेल?

खरं ते लिही, आणि गुडघा मध्ये आणू नकोस.

ताई


२ एप्रिल

ताई,

महिनाभर उत्तर दिलं नाही. चार वेळा लिहायला बसलो आणि चारही कागद चुरगळून टाकले. तुझं बरोबर आहे. मी गेलो नव्हतो. पहिली तीन पाहिली होती, नव्या कोऱ्या यंत्रांची घरघर ऐकली होती. उरलेली चार तशीच असणार असं धरून चाललो. तुझ्या डोळ्यात थेंब टाकायची वेळ होत आली होती, ड्रायव्हर दारात घाई करत होता, आणि मी शिक्का उचलला.

आता ऐक, कारण घोडं इथेच अडलंय. हिशेब-तपासनिसाने गुपचूप तडजोड केली, थोडे पैसे टाकले आणि दाव्यातून मोकळा झाला. मालकाकडे खरडून काही निघणार नाही. उरलो मी. पलीकडचा कायदा लागला तर सगळ्यांचं सगळं माझ्याकडून. घर जाईल. हे घर मी स्वतः आखलं, ताई. जिन्याच्या पायऱ्यांची उंची हिच्या पायांना बेताची ठेवली होती. ही गेली तरी तो जिना चढताना मला तिची चाल आठवते. आता सकाळपासून नुसता वर-खाली करतो आणि खोल्यांची मापं घेत सुटतो, जशी काही ती मला ठाऊकच नाहीत.

वकीलबाई म्हणतात, एक वाट आहे. दाखल्यावर सही अलीकडे झाली, तुझ्या घरी झाली, हे दाखवता आलं तर चूक घडली ती अलीकडे, मग कायदाही अलीकडचाच लावा, असं म्हणता येईल. मग माझा वाटा तेवढा मी भरेन. पण दाखल्याखाली छापलंय, जागेवरच सही केली. म्हणजे पलीकडे. माझीच ओळ माझ्या मुळावर आली आहे. ती खोडून काढायला साक्षीदार एकच आहे, तू.

तू फक्त एवढंच सांग की सही तुझ्या टेबलावर झाली. मी त्याआधी गोदामं बघून आलो होतो की नाही, हे तुला कुठून माहीत असणार? ते मी माझं सांगेन. पाहिलं तिकडे, सही इकडे. तू तुझ्यापुरतं बोल.

वकीलबाईंनी प्रतिज्ञापत्राचा मसुदा सोबत धाडला आहे. वाचून सही करून पाठव.

धाकटा


८ एप्रिल

धाकट्या,

मसुदा परत धाडते आहे, सही न करता.

आधी म्हणालास, आठवत नाही म्हण. आता म्हणतोस, ऐकलं म्हण, पण अर्धंच ऐकलं म्हण. मी काय शिंपीण म्हणून कापून देऊ का? इथून एवढं धाकट्याला, उरलेलं चिंध्यांच्या पोत्यात?

आणि तू मला कशात ढकलतो आहेस ते तरी बघ. माझ्या साक्षीने अलीकडचा कायदा लागला तर तुझं घर राहील आणि नर्सबाईंना तुझ्या वाट्यातला वाटा मिळेल, बाकी मालकाच्या नावाने लिहिलेला कागद. तो त्यांनी भिंतीला चिकटवावा. पलीकडचा लागला तर त्यांचे पैसे परत येतील, ते तुझ्या जिन्यातून. काल त्या पाणी भरत होत्या. मी म्हणाले, द्या इकडे. म्हणाल्या, "नको, माझं मी उचलते." मला दोन्ही हातांना दोन माणसं धरून ओढताहेत, आणि एकही आवाज करत नाही.

मी येईन कोर्टात. पण जे विचारतील ते सगळं सांगेन, आणि विचारलं नाही तरी सांगेन. तू गेला नव्हतास, हेही. ते तुला चालणार नसेल तर मला बोलावू नकोस.

आणि त्याआधी माझं एक ऐक. माझ्या हातून एखादा अंगरखा बिघडला तर मी तो घडी करून कोपऱ्यात टाकत नाही, परत त्या माणसाच्या अंगावर चढवते आणि आरशासमोर उभी राहून बघते, कुठे ओढ बसलीय. तू अजून एकदाही तिकडे गेलेला नाहीस. दावा लागला, वकील झाला, मसुदे झाले, आणि ज्याच्यावरून हे रामायण चाललंय ते गोदाम तू अजून पाहिलेलं नाहीस. जा, सात नंबरच्यात उभा राहा. मग मला लिही.

ताई


२१ एप्रिल

ताई,

जाऊन आलो.

खरं सांगू का, मी तुझं ऐकून गेलो नाही. मला वाटलं, यंत्रं हलवल्याच्या खुणा सापडतील. ओरखडे, तेलाचे डाग, तुटके पाइप. मग वकीलबाईंना म्हणता येईल, बघा, इथे होती. कॅमेरा घेऊन गेलो होतो.

राखणदाराने कुलूप काढलं. आत शिरलो आणि गार वाटलं नाही, तिथेच समजायला हवं होतं. साध्या पत्र्याखाली उन्हात जसं भाजतं तसं भाजत होतं. थंड करायचं यंत्र म्हणजे पंखा नव्हे, ताई, की भिंतीला टांगला आणि काढून नेला. ते जमिनीत बोल्टांनी घट्ट बसवावं लागतं, नाहीतर स्वतःच्याच थरथरीने सरकतं. नळ्यांसाठी भिंतीला भोकं पाडावी लागतात. मी वाकलो, हातांनी जमीन चाचपली, भिंती पाहिल्या. एक भोक नाही. एक बोल्ट नाही. तिथे कधी काही बसवलंच नव्हतं. माणूस आत येऊन नुसता खाली बघता तरी कळलं असतं. माझ्यासारख्याला तर दारातूनच.

राखणदार म्हणाला, "साहेब, काही हरवलंय का?" मी म्हणालो, नाही. बाहेर आलो आणि बॉनेटला टेकून उभा राहिलो. सवयीने खिशातलं पेन काढलं होतं.

मी सगळ्यांना सांगत होतो की यंत्रं होती, नंतर नेली. बोलून बोलून मला स्वतःलाही दिसायला लागली होती. सात नंबरमध्ये उजव्या कोपऱ्यात एक हिरवं यंत्र आहे असं मी डोळ्यांसमोर आणून ठेवलं होतं.

वकीलबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे तुम्ही मला सांगायला नको होतं." मी म्हणालो, कोर्टालाही सांगणार आहे. त्यांनी टेबलावरचं पेन उचललं, परत ठेवलं, आणि म्हणाल्या, "निदान बहिणीला बोलवा. सही कुठे झाली ते तरी लढू." तर तू ये. विचारतील ते सांग, न विचारलेलंही सांग. गुडघा दुखतोय, आणि या वेळी तो खरंच दुखतोय, कारण त्या जमिनीवर मी बराच वेळ रांगलो.

धाकटा


१४ जुलै

धाकट्या,

निकालाची प्रत नर्सबाईंच्या पाकिटातून आली, तुझी तुला मिळालीच असेल. म्हणजे तुला जे ठाऊक आहे ते मी उगाळत नाही. पण साक्षीच्या दिवशी तू मान खाली घालून बसला होतास, म्हणून काही गोष्टी तुझ्या नजरेतून सुटल्या.

समोरच्या वकिलाने मला विचारलं, "शिक्का मारताना तुम्ही पाहिलंत?" मी म्हणाले, ऐकलं. तो म्हणाला, "आवाज कशाचाही असू शकतो." मी म्हणाले, साहेब, त्या टेबलावर माझा जन्म गेला, कात्री पडली तर वेगळी वाजते, इस्त्री ठेवली तर वेगळी, आणि शिक्का त्या घरात त्याआधी कधी वाजला नव्हता. न्यायाधीशांनी हसू आवरायला पाण्याचा पेला तोंडाला लावला. ते तू पाहिलं नाहीस. मग त्यांनीच विचारलं, "त्याआधी तुमचे भाऊ ती चार गोदामं पाहून आले होते का?" मी म्हणाले, नाही. तेव्हा तू मान वर केलीस. ते मात्र मी पाहिलं.

आता निकाल. मला वाटत होतं, सगळी दुनिया माझ्या कापायच्या टेबलावर अडलीय. मी काय सांगते त्यावर इकडचा कायदा की तिकडचा ते ठरणार. मी कितीदा उठून बसले असेन त्या विचाराने. आणि न्यायाधीशांनी लिहिलंय काय? सही अलीकडे झाली हे आम्ही मानतो, पण कागद कुठल्या टेबलावर लिहिला हे महत्त्वाचं नाही. तो ज्या गोदामांबद्दल होता ती पलीकडे, रोखे विकले तो बाजार पलीकडे, लोकांनी भरवसा ठेवून पैसे मोजले ते त्या बाजारात. म्हणून कायदा पलीकडचा. झालं. माझ्या टेबलाला कुणी विचारलंसुद्धा नाही.

अख्खी काच तुझ्यावर. मालकाशी तुझं संगनमत नव्हतं, ही बेफिकिरी होती, असंही लिहिलंय. ते आपण दोघांनी खरं सांगितलं म्हणून. फौजदारीचं बालंट टळलं. पण तेवढ्याने घर राहत नाही, ते मला समजतं.

आता एक गोष्ट, जी निकाल लागेपर्यंत मी कागदावर उतरवायला धजले नाही. साक्ष देऊन परत येताना नर्सबाई आणि मी एकाच बसमध्ये होतो, वेगवेगळ्या बाकांवर. पुलावर बस थांबली, पुढे काहीतरी बंद पडलं होतं. त्या उठल्या आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. मला वाटलं, आता बोलणार, इतक्या महिन्यांचं सगळं ओकणार. मी तयारी करून बसले.

त्या म्हणाल्या, "ताई, मला माहीत होतं."

मी म्हणाले, काय?

"तुमचा भाऊ गेला नव्हता हे. भाऊ त्या आठवड्यात घराबाहेरच पडले नाहीत, आणि त्या दिवशी मी ड्युटीवरून लवकर आले होते. कागद टेबलावर होता, मागच्या बाजूला तुमचा निळा खडू लागला होता. मीच झटकला. म्हणाले, भाऊ, छापायला जायचाय ना, स्वच्छ असू दे."

बघ, धाकट्या. म्हणजे इतके दिवस मला वाटत होतं त्या माझ्यावर रागावल्या आहेत. त्यांनी तोंडात गुळणी धरली होती ती वेगळ्याच कारणाने. दाखला खोटा आहे हे ज्याला आधीच माहीत, त्याला फसवलं म्हणून दावा लावता येतो का? मला कळत नाही. त्यांनाही कळत नव्हतं, म्हणून गप्प होत्या.

मी विचारलं, मग रोखे घेतलेत कशाला? तर म्हणाल्या, "मी कुठे दाखला वाचून घेतले? मी चाळीस वर्षं थेंब टाकणारी माणसं बघितली आहेत. तुमच्या भावाने एकदाही बाटली पापणीला टेकवली नाही. मला वाटलं, हा माणूस चार भिंतींचं खोटं कसं लिहील." मग म्हणाल्या, "पैसे मात्र मला हवेत. मी संत नाही." मी म्हणाले, मीही नाही, सरका जरा, खिडकी उघडते.

बस सुटली. त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या. तू लगेच उत्तर लिहू नकोस. आधी जेव.

ताई


२६ जुलै

ताई,

अपील करत नाही. वकीलबाईंनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो आणि मला हलकं वाटलं, जसं काही त्यांनीच मला काही माफ केलं. मालकाकडून आणि इतरांकडून त्यांचा वाटा मागायचा हक्क माझ्याकडे राहतो, असा एक कागद त्यांनी करून दिला आहे. सुंदर टाइप केलाय. कपाटात ठेवला. कपाट विकताना काढून घ्यावा लागेल.

घराला गिऱ्हाईक मिळालं. बाई आल्या होत्या, सोबत त्यांची म्हातारी आई. आई जिना चढून गेली आणि वरून म्हणाली, "पायऱ्या किती सोप्या आहेत गं." मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

नर्सबाईंचं वाचलं. त्यांनी खडू झटकला होता, ते मी पार विसरून गेलो होतो. दोन दिवस नुसता फिरत होतो. मग लक्षात आलं. बाकीच्या सगळ्यांनी माझ्या छापील ओळीवर भरवसा ठेवला, त्या ओळीला फसले. नर्सबाई कागदाला फसल्या नाहीत, मला फसल्या. त्याला कुठल्या कायद्यात बसवायचं ते वकीलबाईंना मी विचारणार नाही, आणि तूही कुणाला सांगू नकोस. पैसे वाटायला कोर्टाचा माणूस नेमला आहे, ते त्यांच्या क्रमाने मिळतील. पण तोवर माझ्याकडे जी शिल्लक आहे, त्यातून त्यांचं काही अडलं तर मला आधी कळव.

मी कुठे राहायचं ते अजून ठरलेलं नाही. एका ओळखीच्याने एक खोली सुचवली आहे, मी हो म्हणून टाकलं. नुसत्या फोनवर.

धाकटा


४ ऑगस्ट

धाकट्या,

नुसत्या फोनवर हो म्हणालास? इतकं सगळं होऊन? त्या माणसाला आजच नाही म्हणून कळव.

माझ्या दुकानाच्या वरची खोली मोकळी केली आहे. कापडाचे गठ्ठे खाली आणले, चालताना अडखळायला होतं, पण होईल सवय. लगेच हो म्हणू नकोस. ये, खोलीच्या मधोमध उभा राहा. जिना उभा आहे, तुझ्यासारखा नाही. खिडकी एकच, ती गल्लीत उघडते. खाली दिवसभर माझी मशीन चालते आणि मी मशीनपेक्षा मोठ्याने बोलते. वरचा नळ गळतो, त्याची दुरुस्ती मी तुझ्यासाठी मुद्दाम ठेवली आहे. सगळं नीट पाहा, हवं तर मापं घे. मग ठरव.

दुसरं असं की माझ्या दुसऱ्या डोळ्याची तारीख आली आहे, पुढच्या महिन्याची. तेव्हा तू इथे असलास तर बरं. नर्सबाई आत्ता माझ्या खांद्यावरून हे वाचत आहेत आणि पेन मागत आहेत. चहा आता दाराशी ठेवत नाहीत, समोर बसून पितात आणि साखर कमी म्हणून मला बोलतात.

ताई

भाऊ, नमस्कार. ताईंच्या पत्रात जागा उरली म्हणून दोन ओळी. बाटल्यांना चिठ्ठ्या लावायचं काम तुमचं, तुमचं अक्षर माझ्याहून बरं आहे. पण या वेळी थेंब मी टाकणार. कुणी कागद घेऊन आलं, तर तुम्ही खुशाल जा आणि जिथे उभं राहायचं असेल तिथे उभे राहून या. आम्ही दोघी आहोत.